बिअर १.०२० वर अडून बसली: घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

घरी केलेली बिअर मधेच आंबायची थांबली की लक्षणं बहुतेक वेळा अशीच असतात. यीस्ट टाकल्यावर पहिले दोन-तीन दिवस एअरलॉक (झाकणावरची, वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी) जोरात बुडबुडतो, वर्टवर, म्हणजे माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून) काढलेल्या गोड पाण्यावर, चार बोटं जाड फेस चढतो, फर्मेंटरजवळ (बिअर आंबते त्या भांड्याजवळ) गेलं की माल्टचा आणि हॉप्सचा (कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) दरवळ येतो. पाचव्या-सहाव्या दिवशी सगळं एकदम गप्प होतं. फेस खाली बसलेला असतो, भिंतीवर फक्त तपकिरी चिकट पट्टा उरतो. तुम्ही १.०१२ च्या आशेने हायड्रोमीटर (द्रवाची घनता दाखवणारी तरंगती काचेची नळी) टाकता आणि तो १.०२० वर तरंगतो. दोन दिवसांनी पुन्हा बघता, तरी १.०२०. घोटभर चाखून पाहिली तर जिभेवर गोडसर आणि जड लागते, कच्च्या वर्टची आठवण करून देते.

सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या १.००० च्या तुलनेत घनता, साखर जास्त तितका आकडा मोठा) १.०५० असेल तर साधारण १.०१० ते १.०१४ च्या आसपास बिअर थांबायला हवी. १.०१२ ला थांबली तर ५० पॉइंटांपैकी (एक पॉइंट म्हणजे ०.००१) ३८ उतरले, म्हणजे ७६ टक्के उतार, आणि अल्कोहोल सुमारे ५ टक्के. १.०२० ला थांबली तर उतार ६० टक्क्यांवर अडकला आणि अल्कोहोल ४ टक्क्यांच्या जरा खालीच राहिलं. हा फरक चवीत लगेच कळतो.

मी हे दुखणं इतक्या वेळा निस्तरलंय की आता क्रम ठरून गेलाय. पुढच्या तपासण्या त्याच क्रमाने आहेत: आधी फुकटच्या, मग थोड्या कष्टाच्या, शेवटी ज्यात बिअरलाच हात लावावा लागतो त्या. मधल्या पायऱ्या गाळून थेट नवं यीस्ट ओतायला जाऊ नका. अडलेली वाटणारी बिअर पुष्कळदा अडलेली नसतेच, आणि घाईने केलेला उपाय चांगली बिअर बिघडवतो.

त्याआधी एक गोष्ट. कारण सापडेपर्यंत बाटल्या भरायच्या नाहीत. "आता तर काहीच हलत नाही, भरून टाकू" हा मोह धोक्याचा आहे. का, ते शेवटी आकड्यांसकट सांगतो.

आधी काहीच करू नका

एअरलॉक हे मोजमापाचं साधन नाही. झाकणाची रबरी रिंग जराशी मुडपलेली असली तर वायू तिथून निघून जातो आणि आत जोरात काम चालू असतानाही एअरलॉक मुका राहतो. उलटही होतं. खोली दुपारी तापली की बिअरमध्ये विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि काम संपलेलं असूनही बुडबुडे येतात. त्यामुळे बुडबुड्यांवरून निदान करायचं नाही.

झाकण दाबून बघा, रिंग नीट बसवा आणि तीन दिवस थांबा. शेवटचे काही पॉइंट यीस्ट फार सावकाश उतरवतं, कारण सोप्या साखरा आधी संपतात आणि माल्टोट्रायोजसारखी अवघड साखर शेवटाला उरते. तीन दिवसांत १.०२० वरून १.०१८ झालं असेल तर बिअर अडलेली नाही, चालतेय. तिला चालू द्या. मला या छंदाचा सर्वांत मोठा आनंद याच दिवसांत मिळतो. रोज कानोसा घ्यावा, फर्मेंटरच्या काचेतून ढगाळ द्रव हळूहळू निवळताना बघावा, काढलेला नमुना फेकून न देता चाखावा. तिसऱ्या दिवशी गोडमिट्ट लागणारा घोट दहाव्या दिवशी कोरडा आणि हॉप्सने कडवट लागतो, तेव्हा यीस्टने आत काय केलं ते जिभेला कळतं. रोज झाकण मात्र उघडू नका. नमुना नळातून काढा, आणि नळ नसेल तर दोन रीडिंगांमध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या.

रीडिंग खरं आहे का?

इथेच निम्मी प्रकरणं मिटतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

हायड्रोमीटर साध्या स्वच्छ पाण्यात टाका. पाण्याचं तापमान हायड्रोमीटरवर छापलेलं असेल तेवढं ठेवा, बहुतेकांवर २० अंश असतं, काहींवर १५.६. रीडिंग १.००० आलं पाहिजे. नळीच्या आतली कागदी पट्टी सरकलेली असते आणि बाहेरून ते दिसत नाही. माझ्याकडचा एक हायड्रोमीटर साध्या पाण्यात १.००४ दाखवायचा, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवून दोन बॅचना विनाकारण उबेत ठेवलं होतं. तुमचा असा चुकत असेल तर फेकायची गरज नाही. किती चुकतो ते झाकणावर लिहून ठेवा आणि दर वेळी वजा करा.

दुसरी चूक वायूची. ताज्या नमुन्यातले बुडबुडे नळीला चिकटतात आणि तिला वर उचलून धरतात, त्यामुळे आकडा वाढलेला दिसतो. नमुना दोन ग्लासांत आठ-दहा वेळा उंचावरून इकडून तिकडे ओता, फेस बसू द्या, मग हायड्रोमीटर सोडा आणि बोटाने एक गिरकी द्या. गिरकीने चिकटलेले बुडबुडे सुटतात. डोळा द्रवाच्या पातळीला आणा. काचेला लागून द्रव थोडा वर चढलेला दिसतो, तो कडेचा आकडा वाचायचा नाही. मधली सपाट पातळी वाचायची.

तापमानाचा फरक लहान असतो, पण असतो. २० अंशांसाठीचा हायड्रोमीटर ३० अंशांच्या नमुन्यात सुमारे अडीच पॉइंट कमी दाखवतो, आणि १० अंशांच्या थंड नमुन्यात दीड पॉइंट जास्त.

आणि रिफ्रॅक्टोमीटर वापरत असाल तर इथेच थांबून नीट वाचा. दोन थेंबांत काम होतं म्हणून तो सगळ्यांना आवडतो, मलाही. पण तो प्रकाश किती वळतो ते मोजतो आणि अल्कोहोल प्रकाश पाण्यापेक्षा जास्त वळवतं. आंबायला लागलेल्या बिअरमध्ये त्याचा आकडा सरळ वाचला तर नेहमी जास्तच येतो. सुरुवातीला १२.४ ब्रिक्स (साखरेचं टक्क्यांतलं माप), म्हणजे १.०५० असेल आणि आता ६.२ ब्रिक्स दिसत असेल, तर थेट तक्त्यावरून ते १.०२४ वाटेल. अल्कोहोलची दुरुस्ती लावली की तीच बिअर १.०१२ च्या जवळ निघते, म्हणजे पूर्ण झालेली. "बिअर अडली" म्हणून माझ्याकडे आलेल्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: कशाने मोजली? यीस्ट टाकल्यानंतर हायड्रोमीटर वापरा, किंवा सुरुवातीचा आणि आताचा असे दोन्ही आकडे दुरुस्तीच्या सूत्रात घाला.

पाककृती आणि यीस्टची जात

कागद काढून बघा. लॅक्टोज (दुधातली साखर) घातलंय का? बिअरचं यीस्ट लॅक्टोज खात नाही, ते शेवटपर्यंत तसंच राहतं. माल्टोडेक्स्ट्रिनचंही जवळपास तेच. क्रिस्टल माल्ट आणि गडद भाजलेली माल्टं भरपूर असतील तर शेवटची ग्रॅव्हिटी वरच राहणार. माल्ट एक्स्ट्रॅक्टवर (माल्टच्या तयार अर्कावर) केलेल्या बिअरही १.०१८ ते १.०२० ला थबकतात, कारण त्यातली साखरेची रचना कारखान्यातच ठरून गेलेली असते आणि तुमच्या हातात काही उरलेलं नसतं.

मग यीस्टचं पाकीट बघा. प्रत्येक जातीचा स्वभाव वेगळा असतो. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तियन हॅन्सन यांनी १८८३ मध्ये एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, आणि तेव्हापासून आपण अमुक जात अमुक इतकी साखर खाईल असं आधी सांगू शकतो. काही इंग्लिश एल (उबेत आंबणाऱ्या बिअरच्या) जाती माल्टोट्रायोज खातच नाहीत. त्या लवकर गोळा होऊन तळाशी बसतात आणि मागे भरदार, गोडसर बिअर सोडतात. पाकिटावर ६५ ते ७० टक्के उतार लिहिला असेल तर ७६ ची अपेक्षा ठेवू नका. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि यीस्टने आपलं काम पूर्ण केलंय हे कळलं तर पुढचं काहीच करावं लागत नाही.

गारठा

इथपर्यंत काही सापडलं नाही तर बिअर खरंच अडलेली असू शकते. आता तापमान बघायचं, खोलीचं नव्हे, बिअरचं. पहिल्या दिवसांत यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे आतली बिअर खोलीपेक्षा काही अंश गरम असते. जोर ओसरला की ही ऊब जाते. नेमकी त्याच सुमारास रात्र गार पडली तर यीस्ट आवरतं घेऊन तळाशी बसतं. एल यीस्टला साधारण १८ ते २२ अंश मानवतात, लागरला ९ ते १३.

एल असेल तर दोन दिवसांत हळूहळू २१-२२ अंशांपर्यंत आणा. लागर असेल तर १६-१८ पर्यंत. फर्मेंटर जाड पांघरुणात गुंडाळणं किंवा कोमट पाण्याच्या टबात ठेवणं पुरतं. मग झाकण बंद ठेवूनच फर्मेंटर जमिनीवर धरून गोल गोल डोलवा, तळाचा गाळ ढगासारखा वर उठेपर्यंत. हलवायचं ते यीस्ट, हवा आत जाऊ द्यायची नाही. झाकण उघडून चमच्याने घुसळणं किंवा हवा मारणं या टप्प्यावर बिअरचा घात करतं. ऑक्सिजन यीस्टला सुरुवातीला हवा असतो, आता त्याने बिअर शिळ्या पुठ्ठ्यासारखी लागते. दिवसातून दोनदा असं डोलवून तीन-चार दिवस द्या. खऱ्या अडलेल्या बिअरपैकी बऱ्याचशा इथेच सुटतात.

तीनशे मिलिलिटरची परीक्षा

ऊब देऊनही हललं नाही तर बिअरला आणखी काही करण्याआधी ही चाचणी करा. ती मला उशिरा कळली. आधी कळली असती तर बऱ्याच बॅच वाचल्या असत्या.

निर्जंतुक केलेल्या बाटलीत ३०० मिलिलिटर बिअर घ्या. त्यात ताजं कोरडं यीस्ट चांगलं अर्धा चमचा टाका, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. तोंडावर फॉइल सैलसर ठेवा, घट्ट बूच अजिबात नको. २५ ते २८ अंशांच्या उबेत ठेवून दिवसातून चार-पाच वेळा हलवा. या नमुन्यात हवा गेली तरी चालते, कारण तो शेवटी फेकायचाच आहे. दोन-तीन दिवसांनी वायू काढून ग्रॅव्हिटी मोजा.

या चाचणीने एकच गोष्ट कळते: या बिअरमध्ये खाण्यासारखी साखर शिल्लक आहे की नाही. नमुना १.०१२ ला उतरला तर साखर आहे, यीस्ट थकलंय. नमुनाही १.०१९-१.०२० लाच राहिला तर यीस्टचा दोष नाही. खायलाच काही नाही, तुमची बिअर पूर्ण झालेली आहे. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून अंदाजावर जाऊ नका.

साखर आहे, यीस्ट थकलंय

कारणं ठरलेली असतात: जुनं किंवा उन्हात राहिलेलं यीस्ट, जड वर्टला कमी पडलेलं यीस्ट, टाकताना वर्ट पुरेसं न खळाळवणं. ऑक्सिजन मिळाला नाही की यीस्टला पेशीचं आवरण नीट बांधता येत नाही, पिढ्या वाढल्या की ते दुबळं होतं आणि अल्कोहोल वाढलं की हात टेकतं. पाककृतीत साधी साखर फार असेल तर पोषणही कमी पडतं. फक्त माल्टची बिअर असेल तर तो प्रश्न सहसा नसतो, त्यामुळे अधल्यामधल्या टप्प्यावर पोषकाची पूड टाकून फारसं काही हाती लागत नाही.

उपाय एकच, जोमात असलेलं यीस्ट देणं. कोरडं पाकीट सरळ अडलेल्या बिअरमध्ये भुरभुरलं तर बहुतेक वाया जातं. आत अल्कोहोल आहे, आंबटपणा आहे, ऑक्सिजन नाही, पोषण संपलेलं आहे. अशा ठिकाणी झोपेतून उठलेलं यीस्ट तग धरत नाही. म्हणून एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट दहा मिनिटं उकळा, २०-२२ अंशांपर्यंत थंड करा, चांगलं खळाळवा आणि यीस्ट टाका. बारा ते अठरा तासांत त्यावर पांढराशुभ्र फेस चढतो. तो चढता असतानाच अडलेली अर्धा लिटर बिअर त्यात ओता. काही तासांनी पुन्हा बुडबुडे दिसले की यीस्टला नव्या घराची सवय झाली असं समजा, आणि सगळं फर्मेंटरमध्ये हळुवार सोडा. फर्मेंटर आणि स्टार्टर (हे वेगळं वाढवलेलं यीस्ट) यांच्या तापमानात फार फरक नको, नाहीतर यीस्टला धक्का बसतो.

हे एकदाच करायचं. सात दिवसांत काही उतरलं नाही तर दुसरं पाकीट, तिसरं पाकीट असं करत बसू नका.

साखरच नाही

मग घोडं मॅशमध्ये, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढतानाच, पेंड खात होतं. ६२ ते ६५ अंशांत माल्टमधलं बीटा अमायलेज हे एन्झाइम जोरात काम करतं आणि यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त बनते. ६८ ते ७२ मध्ये ते लवकर निकामी होतं, अल्फा अमायलेज एकटं उरतं आणि यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिनं जास्त राहतात. तीन-चार अंशांची चूक सहा-आठ पॉइंटांना पुरते.

माझ्या सलग तीन बॅच १.०२० ला थांबल्या. दर वेळी यीस्ट बदललं, दर वेळी तेच. शेवटी थर्मामीटर खळखळ उकळत्या पाण्यात धरला तर तो ९६ वर थांबला. मी ज्याला ६६ समजत होतो ते ७० होतं. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी तो चेचलेल्या बर्फाच्या पाण्यात आणि उकळत्या पाण्यात तपासतो: बर्फात ०, उकळीत १००. उंचावर राहत असाल तर उकळबिंदू दर ३०० मीटरला सुमारे एक अंशाने खाली येतो, तेवढी वजाबाकी करा. मॅशही चार ठिकाणी मोजा, मधोमध एक आणि कडेला दुसरंच असतं.

झालेल्या बॅचचं काय? माझं मत स्पष्ट आहे: आहे तशी ठेवा. चाचणीचा नमुना आणि फर्मेंटर एकाच आकड्यावर स्थिर असतील तर ती बाटलीत भरायला सुरक्षित आहे. थोडी जड, गोडसर लागेल, पण गडद बिअरमध्ये ते छानही लागतं. ग्लुकोअमायलेज हे एन्झाइम टाकून ग्रॅव्हिटी खाली आणता येते, मात्र ते डेक्स्ट्रिनंही तोडत राहतं आणि बिअर १.००० च्या आसपास पाणचट होईपर्यंत थांबत नाही. मधेच बाटल्या भरल्या तर ते बाटलीतही काम करत राहतं. मी एकदाच वापरलं, पुन्हा वापरणार नाही.

इथे हात काढून घ्यायचा

बाटल्या आधीच भरल्या असतील आणि आता झाकण उघडताच कारंजं उडत असेल, तर हा छंदाचा प्रश्न राहिला नाही. ग्रॅव्हिटीचा प्रत्येक पॉइंट बाटलीत उतरला की सुमारे अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड तयार होतो (एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका वायू). अडलेले आठ पॉइंट नंतर उतरले तर चार व्हॉल्यूम, तेही फेसासाठी घातलेल्या साखरेच्या सुमारे अडीच व्हॉल्यूमच्या वर. साध्या बिअरच्या बाटलीला तीनच्या पुढे भरवसा नाही. एक जरी बाटली फुटली असेल तर बाकीच्या हातात घेऊ नका, क्रेटवर जाड गोधडी टाका, खोली बंद करा, मुलांना आणि जनावरांना दूर ठेवा. फुटलेली नसेल तरी चष्मा, जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्या घातल्याशिवाय जवळ जाऊ नका. बाटल्या खूप थंड केल्या की दाब उतरतो, त्यानंतरच त्या एक-एक करून उघडायच्या. डोळ्यात काच गेली तर चोळू नका, काढायचा प्रयत्न करू नका, तडक रुग्णालय गाठा.

ऊब देणारा पट्टा किंवा फर्मेंटेशनचा फ्रिज झटका देत असेल, वारंवार ट्रिप होत असेल तर प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. ओल्या जागी वायर जोडून बघायची नाही. केगचा (बिअरच्या दाबाखालच्या टाकीचा) प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह किंवा सिलिंडरचा रेग्युलेटर फुसफुसत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, खोलीबाहेर पडा आणि गॅस पुरवणाऱ्याच्या तंत्रज्ञाला सांगा. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइडने माणूस बेशुद्ध पडतो.

आणि बिअर उलट दिशेने गेली, म्हणजे ग्रॅव्हिटी चाचणीच्या आकड्याच्याही खाली घसरत राहिली, वर पातळ साय धरली, व्हिनेगरचा वास आला किंवा ओतताना तार धरली, तर दुसरंच काहीतरी आत शिरलंय. ती बॅच ओतून द्या, प्लॅस्टिकच्या नळ्या आणि नळ बदला. स्वच्छता काटेकोर करूनही पुन्हा तसंच झालं, किंवा नवं यीस्ट देऊनही सलग दोन बॅच अडल्या, तर सूक्ष्मदर्शक असलेल्या ब्रुअरकडे किंवा प्रयोगशाळेत जा. यीस्टच्या जिवंत पेशी किती आणि परके जीवाणू आहेत का, हे घरच्या साधनांनी कळत नाही. जाताना वही न्या: सुरुवातीची ग्रॅव्हिटी, मॅशचं तापमान, यीस्टच्या पाकिटावरची तारीख, कोणत्या दिवशी किती रीडिंग. नमुना बर्फात ठेवून न्या, बाटली पाऊणच भरा आणि झाकण सैल ठेवा.